नवा फोन हातात आला की आधी हे करा
पहिलाच स्मार्टफोन असेल, तर ॲप्स भरण्याआधी *#०६# डायल करा. पडद्यावर १५ अंकी आयएमईआय नंबर, म्हणजे तुमच्या फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. तो कागदावर लिहून घरी ठेवा. फोन हरवला तर तक्रारीत तो लागतो, तेव्हा फोनमध्येच साठवून काय उपयोग?

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती चार्जिंगची. उशीखाली फोन चार्जिंगला लावून झोपू नका, कळकळीने सांगते. लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना तापते आणि उशी-पांघरुणात ती उष्णता कोंडते. माझ्या जुन्या फोनचं मागचं झाकण हळूहळू वर येत होतं. मी ते दाबून बसवत राहिले, हे फार चुकलं. बॅटरी फुगली होती. असं दिसलं तर चार्जिंग लगेच थांबवा, बॅटरी दाबू-टोचू नका, फोन सरळ दुरुस्तीला द्या.

सिमलाही पिन लावा. तो तीनदा चुकला की सिम लॉक होतं आणि ते उघडायला ८ अंकी पीयूके कोड लागतो. तोही त्याच कागदावर असू द्या. ओटीपी मात्र कुणालाच सांगायचा नाही, समोरचा कितीही घाई करो. आणि गाडी चालवताना फोन वाजला तर वाजू द्या, थांबल्यावर परत लावता येतो.