शिंपले मोठे, पण पिल्लं कुठं आहेत?

प्रश्न : सर, नमस्कार. मी भिलवडीचा. यंदा उन्हाळ्यात खालच्या बंधाऱ्याचे बरगे काढले आणि दोन दिवसांत कृष्णेचं पाणी पार उतरलं. वाळूवर काळपट, लांबट शिंपल्यांचा सडा पडला होता. नातवानं पाटीभर गोळा केले, सगळे तळहाताएवढे. आमच्या लहानपणी बारीकसारीक खूप दिसायचे, एवढे मोठे क्वचित. म्हणजे नदी सुधारली म्हणायची का? की २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी बारके वाहून नेले? आणि नातू विचारतोय, यात मोती सापडेल का?

उत्तर : तुमच्या पत्रातल्या ‘सगळे’ या शब्दावर मी अडखळलो. पंगतीला सगळी म्हातारीच माणसं बसलेली दिसली तर आपण ‘गाव सुधारलं’ म्हणत नाही, पोरं कुठं गेली ते विचारतो.

एका कॉलेजात ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. प्रॅक्टिकलला शिंपला उघडला की कधी कधी त्याचा कल्ला फुगलेला, रव्यासारख्या कणांनी भरलेला दिसायचा. सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पोरं ओरडायची, कारण प्रत्येक कण म्हणजे दोन झाकणांचा, चिमट्यासारखा मिटणारा जीव. १७९७ मध्ये राथके नावाच्या शास्त्रज्ञाला हे शिंपल्याला छळणारे परजीवी वाटले आणि त्यानं त्यांचं ‘ग्लोकिडियम’ असं बारसं केलं. बिचारा निम्माच चुकला. ती शिंपल्याचीच पिल्लं, पण परजीवी खरीच. आईच्या नव्हे, माशाच्या जिवावर जगणारी. आईनं पाण्यात सोडल्यावर कुठल्या तरी माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिमटा बसला तरच पुढचं आयुष्य. माशाची कातडी त्यांच्याभोवती वाढते, आत पिल्लू घडतं, मग सुटून तळाशी पडतं. त्यातही कुठलाही मासा चालत नाही. चुकीचा असेल तर त्याचं अंगच पिल्लाला झटकून टाकतं.

म्हणून मासे गेले की शिंपले लगेच मरत नाहीत, पण त्यांचा वंश थांबतो. म्हातारे वर्षानुवर्षं पाणी गाळत, शेवाळ खात वाळूत बसून राहतात आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. मळीचं पाणी येऊन मासे पांढरे पोट करून तरंगले की आपण चार दिवस हळहळतो. शिंपल्यांची त्या वर्षीची पिढी तिथंच बुडालेली असते आणि ते कळतं फार उशिरा, असं पाटीभर शिंपले गोळा केल्यावर.

मासे असूनही पिल्लं नसतील तर वाळूकडे बघा. सुटलेलं पिल्लू सुरुवातीचा काळ वाळूच्या कणांमधल्या फटीत, तिथं झिरपणाऱ्या पाण्यावर काढतं. वाळू उपसली किंवा तिच्यावर गाळाचा थर बसला की ते गुदमरतं.

महापुराचं म्हणाल, तर बारके वाहून गेले असतीलही. पण २०२१ नंतर जन्मलेली तरी दिसायला हवी होती ना?

एक करून बघा. वाळूची चाळण घ्या आणि उथळ काठाची वाळू पाण्यातच हलकी चाळा. उजेड असताना, आणि चौघं मिळून. तुमच्या भागात मगरी आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. नखाएवढा, लांबट, पातळ शिंपला मिळाला तर मला जरूर कळवा. मात्र गोल-तिकोनी, अंगावर ठळक आडव्या रेघा असलेला मिळाला तर हुरळून जाऊ नका. ती कॉर्बिक्युला, वेगळीच जात. वाढूनही ती छोटीच राहते, आणि पिल्लं अंगातच वाढवून थेट सोडत असल्यामुळं तिला माशाची गरज लागत नाही. माझे विद्यार्थी इथंच हमखास फसायचे.

नातवाला सांगा, वाळूच्या कणाभोवती मोती होतो ही गोष्ट फारशी खरी नाही. शिंपला वाळूतच राहतो, कण बाहेर ढकलणं हे त्याचं रोजचं काम. आतल्या पडद्याला जखम झाली किंवा एखादा किडा घुसला तर क्वचित मोती बनतो. त्यासाठी पाटीभर जीव फोडू नयेत. जे घट्ट मिटलेले आहेत ते जिवंत आहेत. ते खोल पाण्यात नेऊन सोडा.

प्रश्न : तळ्याकाठच्या शंखांमुळं म्हशींना जंत होतात, हे खरं का? (एक वाचक, पलूस)

उत्तर : खरं आहे, पण सगळ्याच शंखांमुळं नाही. लिम्निया नावाच्या, पातळ कवचाच्या छोट्या गोगलगायीत यकृतातल्या चपट्या जंताची पिल्लं वाढतात, बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतात आणि चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातात. जबड्याखाली सूज दिसली तर डॉक्टरांना दाखवा. पाण्यालगतचं गवत कापून घालू नका, शेण तळ्यात जाऊ देऊ नका, पाणी हौदात पाजा. बदकं पाळलीत तर ती निम्मं काम करतील. तळ्यात मोरचूद टाका असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, शंखांबरोबर मासेही जातील.