रविवारी आठवड्याचा स्वयंपाक करून ठेवला तर शुक्रवारपर्यंत टिकतो का?

तुम्ही लिहिलंय की दोघांची नोकरी, शाळेत जाणारी दोन मुलं, घरी सासूबाई, आणि त्यांना शिळं अजिबात चालत नाही. रविवारी सगळं उरकून ठेवलं तर चालेल का, फ्रीजरमध्ये काय टाकावं आणि त्यातलं मुलांच्या डब्याला देता येईल का, असे तुमचे प्रश्न आहेत. आमच्या घरी रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे असतो आणि आम्ही नागपूरला राहतो, म्हणजे अन्न नासायला इथली हवा नेहमीच तयार. त्या हिशेबाने सांगतो.

शुक्रवारपर्यंत नाही टिकत. शिजवलेली भाजी, आमटी, उसळ फ्रीजमध्ये तीन, फार तर चार दिवस. रविवारचं बुधवारी संपलं पाहिजे. गुरुवार-शुक्रवारसाठी एकतर फ्रीजर, नाहीतर अर्धवट तयारी करून ठेवायची आणि त्या दिवशी फोडणी घालायची. माझा कल दुसऱ्याकडे आहे, का ते पुढे येईलच.

किती दिवस ठेवायचं हे सगळेच विचारतात, पण अन्न बिघडतं ते बहुतेक वेळा गॅस बंद केल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत. ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, आणि खोलीत ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात. आपल्याकडे मार्च ते जून स्वयंपाकघरात तेवढं असतंच. 'पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रीजमध्ये ठेवू नये' या समजुतीपायी आमटीचं पातेलं रात्रभर ओट्यावर राहतं, ते खरं धोक्याचं. दुसरीकडे, वाफाळतं मोठं पातेलं तसंच आत ढकललं तर शेजारचं दूध-दही कोमट होतं आणि पातेल्याच्या मधला भाग तासन्‌तास गरमच राहतो.

मी काय करतो सांगतो. परातीत गार पाणी आणि बर्फ घ्यायचा, त्यात पातेलं ठेवायचं आणि पळीने तळापासून ढवळत राहायचं. पाणी कोमट झालं की ओतून दुसरं घ्यायचं. (उन्हाळ्यात आमच्या नळाला टाकीचं कढत पाणी येतं, तेव्हा बर्फ आदल्या रात्रीच जमवावा लागतो.) बोट लावून सोसवेल इतकं झालं की स्टीलच्या पसरट डब्यांत, दोन-तीन बोटं खोलीइतकंच भरायचं. उभ्या खोल डब्यात मधलं अन्न लवकर गार होत नाही. एका डब्यात एका वेळचंच ठेवा. मोठा डबा रोज काढून, गरम करून, परत आत ठेवण्यात निम्मं आयुष्य तिथेच संपतं. डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून वार लिहा, नाहीतर बुधवारी 'हे कधीचं?' यावर घरात परिषद भरते. वास घेऊन ठरवू नका, आजारी पाडणाऱ्या जंतूंनी अन्नाला वास येतोच असं नाही.

भात मात्र साठवणीच्या यादीतून काढूनच टाका. तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की त्यातून जंतू वाढतात आणि विष तयार करतात, जे नंतर परतूनही जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करण्याची आपली सवय इथे नडते. जेवणं झाली की उरलेला भात लगेच फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी खणखणीत गरम करून संपवा. तसाही कुकरला भात व्हायला कितीसा वेळ लागतो!

आता अर्धवट तयारी. कांदा-सुकं खोबरं खरपूस भाजून, शक्यतो पाणी न घालता वाटलेलं वाटण पिशवीत पातळ थापून फ्रीजरमध्ये ठेवा, लागेल तेवढा तुकडा मोडून घेता येतो. छोले, राजमा शिजवून त्यांच्याच पाण्यासकट ठेवा, पण डबा काठोकाठ भरू नका, गोठताना पाणी फुगतं आणि काचेची बरणी तडकते. खवलेलं ओलं खोबरंही फ्रीजरमध्ये उत्तम राहतं, मात्र ते घातलेली आमटी लवकर उतरते, म्हणून खोबरं आयत्या वेळी घाला. बटाट्याच्या फोडी फ्रीजरमध्ये घालू नका, नंतर भुसभुशीत लागतात. आलं-लसणाची पेस्ट तेल घालून बाहेर बरणीत तर ठेवूच नका, फ्रीजमध्ये आठवडाभराची, बाकी गोठवलेली. फ्रीजरमधलं काढायचं तर आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये उतरवा, ओट्यावर नाही. फ्रीज ५ अंशांच्या खाली, फ्रीजर उणे १८ हवा. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तितका गार राहीलच असं नाही, त्याच्या भरवशावर महिन्याची साठवण करू नका. वीज गेली तर दार उघडायचं नाही: बंद फ्रीज साधारण चार तास निभावतो, गच्च भरलेला वेगळा फ्रीजर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस.

सासूबाईंचं म्हणणं मी थोडं त्यांच्या बाजूनेच घेईन. वय झालेल्यांना आणि लहान मुलांना बिघडलेलं अन्न जास्त बाधतं. पण नुसतं शिजवलेलं साधं वरण डब्यांत असेल आणि संध्याकाळी त्यावर हिंग-जिरं-लसणाची चरचरीत फोडणी पडली, तर ते पानात ताजंच वाटतं आणि आपल्या दहा मिनिटांत होतं. फक्त फोडणी घालून वरण चांगलं उकळू द्या, नुसतं कोमट करून चालणार नाही.

पोळ्यांचं आमचं उत्तर तुमच्या कामाचं नाही, आमच्याकडे पोळ्यांना मावशी येतात. कणीक मळून ठेवायची तर वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात, एक-दोन दिवस. काळपट पडते, पण पोळी होते.

राहिला डबा. सकाळी सातला भरलेला डबा मुलं अकराला उघडणार, म्हणजे दोन तासांचा हिशेब तिथेच मोडतो. म्हणून साठवणीतली रस्साभाजी, उसळ रात्रीच्या जेवणाला, आणि डब्याला सकाळी परतलेली सुकी भाजी-पोळी. भाजी रात्री चिरून फ्रीजमध्ये ठेवली की भेंडी, कोबी किंवा फरसबी सकाळी चहा होईपर्यंत निम्मी शिजलेली असते. रोजच्या रोज तेवढंही जमणार नसेल, तर चटणी-पोळीचा रोल द्या. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी रविवारी कुटून ठेवली की तिला फ्रीजही लागत नाही, फक्त बरणीत ओला चमचा घालू नका.