हसू आणि सुगावा एकाच वाक्यात

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची पहिली सात प्रकरणे मी दोनदा वाचली. निवृत्त मुद्रितशोधक बाईंना खुनाच्या तपासात ओढण्याची तुझी कल्पना मला मनापासून आवडली आहे, म्हणूनच हे पत्र थोडे लांबणार आहे.

तुझ्या बाई पहिल्या प्रकरणात पायऱ्यांवरून घसरतात, दुसऱ्यात चष्मा शोधताना फुलदाणी फोडतात आणि तिसऱ्यात भलत्याच अंत्ययात्रेत सामील होतात. ही तिन्ही दृश्ये हसवतात, पण ती काढून टाकली तरी तपासाचे काहीच अडत नाही. उलट खरोखर काही शोधून काढण्याची वेळ येते, तेव्हा ओळखीचा एक पोलीस अधिकारी फोन करून त्यांना शवविच्छेदनाचा अहवाल वाचून दाखवतो. म्हणजे हसवण्याचे काम बाईंचे आणि शोध लावण्याचे काम दुसऱ्याचे, अशी वाटणी झाली आहे. हौशी गुप्तहेराच्या विनोदी रहस्यकादंबरीत ती चालत नाही. ज्या खोडीमुळे वाचकाला बाईंचे हसू येते, त्याच खोडीमुळे खुनी सापडला पाहिजे.

हे या परंपरेत पहिल्यापासून आहे. अ‍ॅना कॅथरीन ग्रीन या अमेरिकन लेखिकेने 1897 साली अमेलिया बटरवर्थ ही अविवाहित, प्रौढ आणि स्वतःविषयी फार चांगले मत असलेली बाई कादंबरीत आणली. आपण चौकस नाही, असे ती आरंभीच बजावून सांगते आणि त्याच दमात शेजारच्या घरापुढे मध्यरात्री घोडागाडी थांबल्याचा आवाज ऐकून खिडकीशी जाते. आपल्याला हसू येते ते तिच्या या नाकबुलीचे, पण ती खिडकीशी गेली नसती तर पुढची साक्षच मिळाली नसती. अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेची मिस मार्पल ही वृद्ध हौशी गुप्तहेर 1927 मध्ये एका कथेतून आणि 1930 मध्ये कादंबरीतून आली. मोठ्या गुन्ह्याची चर्चा रंगात आलेली असताना ती आपल्या खेड्यातल्या कुणाची तरी क्षुल्लक गोष्ट काढते, ऐकणाऱ्यांना ते विषयांतर वाटते, आणि उत्तर नेमके त्या क्षुल्लक गोष्टीत असते. अ‍ॅलन ब्रॅडली या कॅनेडियन लेखकाची गुप्तहेर फ्लाविया (2009) तर अवघी अकरा वर्षांची आहे. विषांचे वेड असलेली ही मुलगी मोठ्या बहिणीच्या लिपस्टिकमध्ये खाज आणणाऱ्या वेलीचा अर्क मिसळते. खोडकरपणा म्हणून आपण तिकडे पाहतो, पण तपासात कामी येते ते हेच रसायनशास्त्र.

आता तुझ्याच तिसऱ्या प्रकरणाकडे वळू. मृताच्या टेबलावर चिठ्ठी सापडते, सगळे आत्महत्या गृहीत धरतात आणि घरात रडारड सुरू होते. तुझ्या बाई त्या वेळी कोपऱ्यात नुसत्या उभ्या आहेत. चिठ्ठी त्यांच्या हातात दे. त्यांनी तीस वर्षे या गृहस्थांची हस्तलिखिते तपासली आहेत, हे तूच पहिल्या प्रकरणात सांगितले आहेस. चिठ्ठीचा शेवट 'मुलांना आशीर्वाद' असा असू दे. बाईंचा हात सवयीने पर्समधल्या लाल पेन्सिलीकडे जातो, त्या चिठ्ठी वाचतात आणि सर्वांसमोर समाधानाने म्हणतात, "रफार अगदी जागच्या जागी आहे." सून संतापते, कुणीतरी त्यांना हाताला धरून बाहेर नेते, आणि वाचकाला प्रसंगाचे भान नसलेल्या या बाईंचे हसू येते. पुढे दहाव्या प्रकरणात रात्री जुनी हस्तलिखिते चाळताना त्यांना कळते की, या माणसाने आयुष्यभर 'आर्शीवाद' असेच लिहिले आणि दर वेळी तो रफार त्यांनीच हलवला होता. मग ही चिठ्ठी दुसऱ्याच कुणाची.

वाचक हसत असताना बेसावध असतो, म्हणून सुगावा लपवायला विनोदी प्रसंगासारखी जागा नाही. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथालेखकाने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. हाती लागलेला दुवा गुप्तहेराने वाचकापासून लपवू नये, असा त्यांतला एक आहे. वरच्या प्रसंगात तो पाळला जातो, कारण रफार सर्वांच्या देखत तपासला गेला आहे. वाचकाने तिकडे दुर्लक्ष केले, ही लेखकाची लबाडी नव्हे.

पोलीस अधिकाऱ्याचे ते फोन मात्र सगळे काढून टाक. हौशी गुप्तहेराला झडती घेता येत नाही, जबाब नोंदवता येत नाही, कुणाला बोलावून घेता येत नाही. तिच्याजवळ एकच सोय आहे, ती म्हणजे लोक तिला मोजत नाहीत. म्हाताऱ्या बाईंसमोर माणसे अर्धवट वाक्ये बोलून जातात, कागद उघडे ठेवतात, खोटे बोलतानाही फारशी काळजी घेत नाहीत. अधिकाऱ्याने आयती माहिती पुरवली की ही सगळी गंमत वाया जाते. (त्या अधिकाऱ्याशी जुळू पाहणारे प्रेमप्रकरणही मला अनावश्यक वाटले, पण तो निर्णय तुझा.)

एका बाबतीत मी हट्ट धरणार आहे. बाईंच्या एकटेपणावर, वयावर किंवा शरीरावर केलेले विनोद गाळून टाक. सातव्या प्रकरणात असे चार आहेत, मी खुणा केल्या आहेत. बाईंना जे गंभीर वाटते ते इतरांना विचित्र वाटते, तेवढा विनोद पुरेसा आहे. त्याचप्रमाणे मृताचे कुणीतरी खरे दुःख करणारे असू दे. सून ते करू शकेल. बाईंवर ती ओरडते तेव्हा तिचा राग वाचकाला रास्त वाटला पाहिजे, आणि नंतर त्याच बाई तिच्याकडे चिठ्ठी परत मागायला जातील, तेव्हा दार उघडण्यापूर्वी ती बराच वेळ थांबेल. त्या थांबण्यावर अर्धे पान खर्च कर, तिथे हसवू नकोस.

पहिल्या प्रकरणाला इतक्यात हात लावू नकोस. आधी तिसरे आणि दहावे शेजारी ठेवून नव्याने लिही. दहाव्यात वाचकाला तिसरे प्रकरण उलटून पाहावेसे वाटते का, एवढेच तपासून दोन्ही मला पाठव.

तुझी शुभचिंतक