वाचकांचे प्रश्न : भटकंतीसाठी जुनी पेट्रोल फोर बाय फोर

जुनी पेट्रोल फोर बाय फोर घेऊन लांबच्या सहली आणि तंबूतले मुक्काम करू पाहणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे जण आहोत. दहा-बारा दिवसांच्या सहली, मुक्काम उघड्यावर. ओळखीचे सगळे डिझेलच घ्या म्हणतात. पेट्रोल घेतली तर पस्तावू का?

त्यांचं म्हणणं खरं आहे, पण ते नव्या गाडीपुरतं. डिझेलचे फायदे दोन: एका टाकीत जास्त अंतर आणि कमी आरपीएमला जास्त ओढ. गाडी जुनी घ्यायची म्हटली की चित्र बदलतं. आधुनिक डिझेलमधला हाय प्रेशर पंप, इंजेक्टर, टर्बो, काजळी अडवणारा फिल्टर हे सगळं तुम्हाला वापरलेलं मिळतं आणि यातला एकेक भाग बदलणं खर्चिक असतं. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात यातलं बहुतेक काही नसतं. प्लग, कॉइल, एखादा सेन्सर बदलला की पुष्कळदा काम होतं. शिवाय इंजिनाची तब्येत तासाभरात तपासता येते. जुन्या गाडीसाठी आमचा कौल म्हणूनच पेट्रोलला आहे, पण तुमच्या वाटेवर इंधन पुरत असेल तरच.

ते आधी कागदावर मांडा. समजा टाकी ८५ लिटरची आहे. पाचवा हिस्सा, म्हणजे १७ लिटर, राखीव धरा, उरले ६८. डांबरी रस्त्यावर लिटरला ८ किलोमीटर मिळाले तर ५४४ किलोमीटर. वाळूत किंवा लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ओढ देणारे फोर बाय फोरचे गिअर) ॲव्हरेज सहज निम्म्यावर येतं, म्हणजे त्याच इंधनात २७२. तुमच्या वाटेवरच्या दोन पंपांमधलं सर्वांत मोठं अंतर या दुसऱ्या आकड्यात बसत असेल तर पेट्रोल बिनधास्त घ्या. बसत नसेल तर जास्तीची टाकी किंवा कॅन लागतील, आणि त्यांचं वजन पुढच्या हिशेबात येईल. सुझुकी जिम्नीसारख्या छोट्या गाडीची टाकी ४० लिटरचीच असते. तिचं ॲव्हरेज चांगलं असलं तरी हे गणित टळत नाही.

उंच डोंगरात जाणार असाल तर आणखी एक गोष्ट. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटर उंचीमागे साधारण दहा टक्के ताकद गमावतं. तीन हजार मीटरवर भरलेली गाडी चढताना हे चांगलंच जाणवतं.

प्रश्न : एकच मॉडेल, दोन गाड्या. एकीचं रनिंग ९० हजार, दुसरीचं १ लाख ८० हजार. किमतीत फरक थोडाच आहे. कमी रनिंगची घ्यावी ना?

दोन्ही गाड्यांच्या खाली शिरून बघितल्याशिवाय ठरवू नका. सर्व्हिसच्या नोंदी असलेली, हमरस्त्यावर चाललेली १ लाख ८० हजारांची गाडी ही समुद्राच्या वाळूत आणि खाऱ्या पाण्यात फिरलेल्या ९० हजारांच्या गाडीपेक्षा कितीतरी बरी. इंजिन उघडून बांधता येतं, गिअरबॉक्स दुसरा मिळतो. कुजलेली चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, मात्र गाडीच संपवते.

सोबत टॉर्च, छोटी हातोडी आणि जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या. गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली जाऊ नका, पक्के स्टँड लावा किंवा रॅम्पवर घ्या. चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्या मागून पुढे हातोडीने हलकेच ठोकत या. निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला भदभद वाजतो. मागच्या चाकांच्या वरचा वाकलेला भाग, पाटे किंवा ट्रेलिंग आर्म (ॲक्सल धरून ठेवणारे दांडे) जोडलेले कंस, मागचा आडवा पट्टा आणि बॉडी माउंट (बॉडी चेसिसवर बसते ते टेकू) या जागा आधी बघा, कारण चिखल तिथेच साचतो आणि ओलावा धरून ठेवतो. चेसिस आतून पोकळ असते आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणून पाणी निघून जाण्याच्या भोकांत टॉर्च मारा, बोट घालून बघा. पापुद्रे हाताला आले तर सावध व्हा. वरवरचा लालसर गंज चालतो. पत्र्याचे थर सुटत असतील किंवा स्क्रू ड्रायव्हर आत जात असेल तर तिथूनच परत फिरा.

खालून नुकताच जाड काळा रंग मारलेली गाडी आम्हाला सर्वांत जास्त संशयाची वाटते. विकण्याच्या तोंडावर मारलेला असा रंग गंज थांबवत नाही, तो झाकतो.

वेल्डिंगही शोधा. स्टिअरिंग बॉक्स जिथे चेसिसला बसतो तिथे आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या वरच्या कंसांजवळ तडे जातात, विशेषतः मोठे टायर लावून आदळआपट झालेल्या गाडीत. ब्रेकचे लोखंडी पाइप चेसिसवर क्लिपने बसतात, त्या क्लिपखालीच ते आधी सडतात. कार्पेटची कड उचलून खालचा पत्रा बघा. सीटच्या रुळांवर गंज आणि सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर मातीची रेघ दिसली, तर गाडीत पाणी शिरलेलं आहे.

प्रश्न : इंजिन तपासायला मेकॅनिक सोबत नेणार आहे. त्याच्याकडून नेमकं काय करून घ्यावं?

विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्यागेल्या बॉनेट उघडून ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर थंड होईपर्यंत थांबा किंवा दुसऱ्या दिवशी जा, कारण खऱ्या खोड्या थंड इंजिनच दाखवतं. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढा. कूलंट स्वच्छ रंगीत असावं. गढूळ तांबडं पाणी म्हणजे नुसत्या पाण्यावर चाललेली गाडी, आणि वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सील करणारी पट्टी) किंवा ऑइल कूलरचा संशय घ्या. ऑइलच्या झाकणाखाली थोडी पिवळट साय थंडीत छोट्या फेऱ्यांमुळेही जमते, पण डिपस्टिकवरही ती दिसली तर प्रकरण गंभीर आहे.

मग सेल्फ मारा आणि मागे उभ्या माणसाला धूर बघायला सांगा. सुरू होताना निळा भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील गेलेले. चालताना, जोर दिल्यावर निळा धूर येत राहिला तर रिंगा घासलेल्या. थंडीतली पांढरी वाफ दोन-चार मिनिटांत विरते. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि गोडसर वास राहिला तर कूलंट जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय.

यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं, आणि ही कुणाच्याही भिडेखातर सोडू नका. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, फ्यूएल पंपाचा फ्यूज काढलेला, इग्निशन तोडलेलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली अशा अवस्थेत प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे द्यायचे. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा खोटा कमी येतो, ही चूक नेहमी होते. बहुतेक पेट्रोल इंजिनांत १५० ते २०० पीएसआय (दाबाचं माप) येतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा, तो १०-१५ टक्क्यांच्या आत असावा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलेलं असतं.

प्लग बाहेर आहेतच तर ओळीने मांडून बघा. फिकट तपकिरी उत्तम. ओला काळा म्हणजे ऑइल. एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जातंय.

गाडीला ओबीडी (संगणकातले बिघाडाचे कोड वाचण्याची सोय) असेल तर स्कॅनर लावा. कोड नाहीत एवढ्यावर समाधान मानू नका, रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते दाखवणारी नोंद) बघा. ते ‘अपूर्ण’ दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (संगणक पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) अधिक-उणे दहा टक्क्यांच्या पलीकडे असेल तर हवा ओढली जातेय किंवा पेट्रोलचा दाब बिघडलाय. पी०४२० हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा कोड. ऑइल पिणाऱ्या किंवा दीर्घकाळ मिसिंग करत चालवलेल्या इंजिनात तो येतो, त्यामुळे कन्व्हर्टरसोबत त्याला मारणारं कारणही शोधा. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारणाऱ्या नव्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यांच्यावर कार्बन साठतो. थंड असताना थरथर आणि पिकअप मंद वाटला तर ते लक्षण आहे.

प्रश्न : टायमिंग बेल्ट आहे की चेन, याने किती फरक पडतो?

पुष्कळ. व्हॉल्व्हची उघडमीट वेळेवर ठेवणारा बेल्ट रबरी असतो आणि ठरावीक काळाने बदलावाच लागतो, चेन धातूची असते. टोयोटाचं ४.० लिटर व्ही-सिक्स (१जीआर-एफई) आणि निसान पॅट्रोल या गाडीचं ४.८ लिटर सहा सिलिंडर इंजिन चेनवर चालतं, टोयोटाचं ४.७ लिटर व्ही-एट (२यूझेड-एफई) आणि मित्सुबिशीचं ३.५ लिटर व्ही-सिक्स बेल्टवर. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं समजून किंमत बोला. किलोमीटर भरले नसले तरी वर्षं भरली की रबर जातं. बदलताना टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप आणि पुढचं क्रँक सील एकदमच बदला. चेन कायमची टिकते हाही गैरसमज आहे. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत ती ढिली होते आणि थंड सुरुवातीला दोन-तीन सेकंद खडखडते.

प्रश्न : फोर बाय फोर खरंच चालतंय हे कसं कळणार? विकणारा म्हणतो, लिव्हर पडतो, दिवा लागतो.

दिवा फक्त स्विच दाबला गेल्याचं सांगतो. गाडी मोकळ्या मातीवर न्या, डांबरावर नको. पार्ट टाइम (गरजेपुरत्या) फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल यांच्या मधोमध डिफरन्शियल (वळताना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, म्हणजेच डिफ) नसतं, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर वळताना सगळी साखळी ताणली जाते. मातीवर ४एच (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) टाकून स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि सावकाश गोल फिरा. गाडी अडखळत, आखडल्यासारखी चालली तर पुढचा ॲक्सल जोडला गेला. २एचसारखीच (दोनच चाकांना ताकद) मोकळी वळली तर पुढची चाकं जोडणारे हब किंवा ॲक्सल जोडणारी यंत्रणा (ॲक्च्युएटर) काम करत नाही. फुल टाइम (कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या) गाडीत दोन ॲक्सलमधला सेंटर डिफ लॉक करून हेच बघा.

आता थांबा, न्यूट्रल करा, ४एल (लो रेंज) टाका. पहिल्या गिअरमध्ये चढ चढा, मग उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा. लिव्हर उडून बाहेर आला तर ट्रान्सफर केस (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारी गिअरपेटी) घासलेला आहे. वर्षानुवर्षं लो न वापरलेल्या गाड्यांत लिव्हर नुसता अडकलेलाही असतो; जोडणी साफ करून ग्रीस दिल्यावर सुटतो, तेव्हा लगेच घाबरू नका.

डिफचं ऑइल बघताना आधी वरचा भरण्याचा बोल्ट उघडा. खालचा आधी उघडून ऑइल सोडलं आणि वरचा निघालाच नाही, तर गाडी जागेवरच अडकते. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी शिरलंय. गरम डिफ थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा जाण्या-येण्याची वाट) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. बोल्टच्या चुंबकावर राखाडी लेप नेहमीचा, तुकडे मात्र नकोत. पुढचा ॲक्सल एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत सलग असलेल्या गाडीत चाकामागचे गोळे बघा. तिथून घट्ट ग्रीसऐवजी पातळ काळा रस ओघळत असेल तर आतलं सील जाऊन डिफचं ऑइल ग्रीसमध्ये मिसळलंय. शेवटी प्रॉपेलर शाफ्ट हाताने पिळा; क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात) हालचाल अजिबात नको.

प्रश्न : एका गाडीला लिफ्ट किट, ३३ इंची टायर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र), रॅक, छतावरचा तंबू सगळं लावलेलं आहे. हे आयतं मिळतंय, फायद्याचं आहे ना?

सामानाची किंमत मोजण्याआधी वजन मोजा. गाडीचं कमाल मान्य वजन २९०० किलो आणि रिकामं वजन २२०० असेल तर हातात ७०० किलो येतात. चार माणसं ३००. पुढचा लोखंडी बार आणि विंच १००, रॅक ३०, तंबू ६०. पाणी ६० लिटर, म्हणजे ६० किलो. दुसरी बॅटरी ३५, भरलेला फ्रिज ४०. वीस लिटरचे दोन कॅन पेट्रोल, डब्यांसह ३८. उरले ३७ किलो, आणि त्यात अंथरूण, कपडे, चूल, धान्य, हत्यारं बसवायची आहेत. रिकाम्या वजनात टाकी भरलेली धरलीय की नाही हे उत्पादकागणिक बदलतं, म्हणून शक्य असेल तर वजनकाट्यावर प्रत्येक ॲक्सल वेगळा तोला. छताची मर्यादा त्याहून कडक असते. जिम्नीच्या छतावर ३० किलोच चालतात, म्हणजे रॅक लावला की बरीचशी मर्यादा संपली.

मूळचे टायर ३१ इंची असतील तर ३३ इंचीमुळे स्पीडोमीटरवर १०० दिसताना गाडी १०६ ने जात असते आणि रनिंगही तितकंच कमी नोंदलं जातं. गिअरिंग लांबतं, पिकअप मरतो, पेट्रोल जास्त लागतं. ५० मिलिमीटरपेक्षा जास्त उचललेल्या स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत सीव्ही जॉइंट (चाकांना ताकद पोचवणारे सांधे) तिरपे चालतात, त्यांचे रबरी बूट फाटतात. टायरच्या कडेवरचा चार अंकी आकडाही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी उरली असली तरी दहा वर्षांचे टायर फेकायचेच.

वायरिंग बघा. दुसऱ्या बॅटरीची जाड तार फ्यूजशिवाय थेट जोडलेली असेल तर ती आगीची तयारीच आहे. फ्यूज प्रत्येक बॅटरीच्या अगदी जवळ हवा. आमची पसंती जवळजवळ मूळ अवस्थेतल्या गाडीला. हवं ते नंतर, वजन बघून लावता येतं.

प्रश्न : गॅस किट बसवलेली गाडी स्वस्त पडते. घ्यावी का?

ठरलेल्या, पंप असलेल्या वाटेवर हरकत नाही. आडवाटेला एलपीजी मिळेलच असं नाही, आणि तो पेट्रोलपेक्षा लिटरमागे कमी अंतर देतो. किटची गाडी गॅसवर इतकी चालवलेली असते की पेट्रोलची बाजू तुंबलेली निघते, म्हणून अर्धा तास निव्वळ पेट्रोलवर चालवून बघा. कठीण व्हॉल्व्ह सीट नसलेल्या इंजिनात गॅसमुळे सीट घासून खोल जातात. व्हॉल्व्हची गॅप तपासली की कळतं. टाकीच्या पाटीवरची चाचणीची तारीख वाचा, आणि टाकीने स्टेपनीची जागा खाल्लीय का तेही बघा.

प्रश्न : थंडीत रात्री इंजिन चालू ठेवून गाडीत झोपलं तर चालेल का? पेट्रोलचे कॅन मागे आत ठेवता येतील?

दोन्ही नाही. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. सायलेन्सरला छिद्र किंवा मागच्या दाराचं रबर गेलेलं असेल तर धोका आणखी वाढतो, तेव्हा खरेदीच्या वेळी हे दोन्ही बघा. कॅन गाडीबाहेरच्या पक्क्या कंसात ठेवा. उन्हात पेट्रोल फुगतं, म्हणून काठोकाठ भरू नका. भरताना कॅन जमिनीवर ठेवून भरा.