मूल पाहावं कसं? मानव विकासाच्या अभ्यासाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली. तिला ‘मानव विकास आणि कौटुंबिक अभ्यास’ या विषयात पदवी घ्यायची आहे. नातेवाईक म्हणतात, हे होम सायन्सच, म्हणजे स्वयंपाक आणि शिवण. यात नेमकं काय शिकवतात? प्रवेश घेण्याआधी काय बघावं?
– एक वडील, जुळे सोलापूर

उत्तर : होम सायन्सच्या पाच शाखा मानल्या जातात: अन्न व पोषण, वस्त्रशास्त्र, संसाधन व्यवस्थापन, विस्तार शिक्षण (घराविषयीचं ज्ञान लोकांपर्यंत पोचवणं) आणि मानव विकास. पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी पाचही थोड्या थोड्या असतात, त्यामुळे शेगडी आणि शिवणयंत्र दोन्हींशी गाठ पडते. नातेवाइकांचं बोलणं तिथपर्यंत खरं. पुढे मात्र वाट वेगळी होते. गर्भावस्थेपासून म्हातारपणापर्यंत माणूस शरीराने, भाषेने, बुद्धीने, भावनेने कसा वाढतो आणि घर त्या वाढीला कसा आकार देतं, हा अभ्यासाचा गाभा.

पियाजे, वायगॉट्स्की, एरिक्सन या बालविकासाचे सिद्धांत मांडणाऱ्यांची नावं मानसशास्त्रातही येतात. या विषयाचा खरा माणूस आम्हाला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉन्फेनब्रेनर वाटतो. मूल एकटं नसतं, एकात एक बसलेल्या वर्तुळांच्या मधोमध असतं, अशी त्याची मांडणी. सोलापुरातच बघा. टॉवेलची ऑर्डर कमी झाली, यंत्रमागावरच्या बापाची पाळी बदलली, तो रात्री घरी नाही, आई धास्तावलेली आणि तीन वर्षांचं पोर झोपेतून दचकून उठतंय. त्या पोराने कारखान्यात पाऊलही टाकलेलं नाही, तरी कारखाना त्याच्या अंथरुणापर्यंत पोचला. मानसशास्त्राचा विद्यार्थी आधी पोराची झोप तपासेल, समाजकार्याचा विद्यार्थी कुटुंबाला मदत कशी मिळेल ते बघेल. मानव विकासाच्या विद्यार्थ्याला या दोन टोकांमधला धागा शोधून, मोजून दाखवायचा असतो.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञानाची (कृषी विद्यापीठांत होम सायन्सचं हेच नवं नाव) चार वर्षांची पदवी आहे आणि तिथे या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईत एसएनडीटी आणि निर्मला निकेतन, बाहेर बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज ही जुनी ठिकाणं. सोलापूर जिल्ह्यातल्या महाविद्यालयाचा विचार असेल तर ‘होम सायन्स आहे का’ एवढं विचारून थांबू नका. मानव विकास हे विशेषीकरण यंदा खरोखर सुरू आहे का, ते विचारा. मग आणखी दोन गोष्टी. विभागाची स्वतःची प्रयोगशाळा-बालवाडी आहे का? बडोद्याला चेतन बालवाडी आहे, तशी. आणि मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या निरीक्षणाच्या वह्या बघायला मिळतील का? वह्यांत सगळ्यांची वाक्यं एकसारखी निघाली, तर तिथे मूल पाहायला शिकवत नाहीत, उतरवून घ्यायला शिकवतात. तिथे मुलीला घालू नका.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी अंगणवाडीत मुलांच्या मारामारीचं टाइम सॅम्पलिंग करतो आहोत. १० सेकंद बघायचं, २० सेकंद लिहायचं, अशी ३० मिनिटं. ६० पैकी ५३ खान्यांत आमच्या नोंदी जुळल्या. ८० टक्क्यांच्या वर असलं की चालतं असं वाचलं होतं, आमचं ८८ आलं. तरी मार्गदर्शक बाई म्हणतात, पुन्हा करा. सोबत तक्ता जोडला आहे.
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, अक्कलकोट रोड

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. तुमच्याच तक्त्यात बघा. एकीने ‘मारलं’ अशी खूण ५ खान्यांत केली, दुसरीने ४ खान्यांत. दोघींची खूण एकाच खान्यात पडली, असं फक्त एकदा झालं. उरलेले ५२ जुळलेले खाने ‘काही घडलं नाही’चे आहेत. म्हणजे मारामारीवर तुमचं एकमत जवळजवळ नाहीच. एकमत झालंय ते शांततेवर.

असं वर्तन विरळ असतं तेव्हा नुसती टक्केवारी फसवते. म्हणून कोहेनचा कॅपा काढायचा, म्हणजे योगायोगाने जुळलेलं वगळून दोघींचं एकमत किती ते सांगणारा आकडा. योगायोगानेच किती जुळलं असतं ते आधी बघू. दोघींनी ‘हो’ म्हणण्याचा योग ५/६० गुणिले ४/६०, दोघींनी ‘नाही’ म्हणण्याचा ५५/६० गुणिले ५६/६०. बेरीज ०.८६१. प्रत्यक्षात जुळलं ०.८८३. आता (०.८८३ − ०.८६१) भागिले (१ − ०.८६१), म्हणजे सुमारे ०.१६. योगायोगापेक्षा जेमतेम वर.

दोष बहुधा व्याख्येत आहे. तुमच्या पत्रकावर ‘मुद्दाम दुसऱ्या मुलाला मारणे’ असं लिहिलंय. ‘मुद्दाम’ डोळ्यांना दिसत नाही, प्रत्येकीला ते आपापलं वाटतं. व्याख्या अशी करा: ‘हात, पाय, डोकं किंवा हातातली वस्तू दुसऱ्या मुलाच्या अंगावर जोराने आपटणे. वस्तू हिसकावणे, नुसता हात उगारणे यात धरू नये.’ मग दोघींनी मिळून अर्धा तास बघा, प्रत्येक मतभेदावर तिथेच बोला आणि व्याख्येत एकेक ओळ वाढवा. त्यानंतर वेगळ्या बसून पुन्हा मोजा. वेळ सांगणारा आवाज दोघींच्या कानांत एकाच ध्वनिमुद्रणातून येऊ द्या. एकीचं घड्याळ पाच सेकंद पुढे असलं की एकाच फटक्याची नोंद दोन वेगळ्या खान्यांत जाते.

खरं तर विरळ वर्तनाला टाइम सॅम्पलिंग शोभतच नाही. मधल्या २० सेकंदांत काय झालं ते हातचं जातं. इव्हेंट सॅम्पलिंग करा: घटना घडली की आधी काय चाललं होतं, नेमकं काय झालं, लगेच नंतर काय झालं, असे तीन रकाने. ‘चिडला’ लिहू नका. ‘मूठ आवळली, ओरडला, पाठ फिरवून बसला’ लिहा. वाचणारा ‘चिडला’ आपसूक म्हणेल.

पहिल्या दोन भेटींच्या नोंदी मोजणीत धरू नका. मुलं खेळ सोडून तुमच्याचकडे बघत असतात. भिंतीशी, खाली बसा. मूल जवळ आलं तर एका वाक्यात उत्तर द्या. चॉकलेट अजिबात नको, दुसऱ्या दिवसापासून तुम्ही निरीक्षक राहत नाही. खिचडी वाढायची वेळ वेगळी नोंदवा, रांगेतली ढकलाढकली आणि खेळातली मारामारी एकाच बेरजेत टाकली की दोन्ही निरर्थक होतात. आणि मकरसंक्रांतीच्या आसपास, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, नोंदींचं वेळापत्रक लावू नका. निम्मी मुलं येत नाहीत, येतात ती जागरण केलेली असतात.

प्रश्न : विडी कामगार आयांच्या बालसंगोपनावर प्रबंध करते आहे. सोलापूरच्या पूर्व भागात ४० मुलाखती झाल्या. ‘मुलाला शिस्त कशी लावता, मारता का’ विचारलं की प्रत्येक जण म्हणते, ‘नाही बाई, आमचं पोरगं शहाणं आहे.’ शेजारी सासू बसलेली असते. आता काय करू?
– एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : बायका खोटं बोलत नाहीत. तुमच्या प्रश्नाला दुसरं उत्तर देताच येत नाही. अनोळखी बाईने दारात येऊन ‘मारता का’ विचारलं, तर कोणती आई हो म्हणेल?

सवय विचारू नका, काल विचारा. ‘काल सकाळी उठल्यापासून सांगा. तुम्ही विड्या वळायला सूप घेऊन बसलात तेव्हा बाळ कुठे होतं? त्याने पान ओढलं तेव्हा काय केलंत? माल द्यायला कारखान्यात गेलात तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं?’ कालचा दिवस तासातासाने उलगडला की शिस्त, लाड, भीती, थोरल्या बहिणीवर पडलेला भार, सगळं आपोआप येतं. अशा मुलाखतीला ४० ते ५० मिनिटं लागतात. त्या बाईची मजुरी हजार विड्यांवर असते, तेव्हा हात थांबवायला सांगू नका. तिने वळत वळत बोलावं, तुम्ही बघत लिहावं. पोर तंबाखूच्या सुपाकडे रांगत आलं की ती एका पायाने त्याला कसं अडवते, हेही तुमच्या वहीत आलं पाहिजे. प्रश्नावलीत ते कुठेच येणार नाही.

भाषेकडे दुर्लक्ष झालं असावं अशी शंका येते. पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. बाजारापुरतं मराठी येत असलं तरी मन उकलायला घरचीच भाषा लागते. ‘हट्ट’, ‘लाड’, ‘वळण’ हे शब्द जसेच्या तसे दुसऱ्या भाषेत उतरत नाहीत. एकाने मराठीतून तेलुगूत करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने पुन्हा मराठीत आणावं. दोन्ही मराठी मसुदे शेजारी ठेवा, जिथे अर्थ सरकला असेल तो प्रश्न बदला. मग पाच-सहा आयांवर करून बघा. शेजारणीला किंवा त्याच घरातल्या शाळकरी मुलीला दुभाषी करू नका. आईची कुचंबणा होते, आणि त्या मुलीने काही गोष्टी ऐकू नयेत.

सासूबाईंना उठवू नका. दोघींनी जा. एकीने सासूबाईंशी त्यांच्या काळच्या संगोपनाबद्दल बोलावं, दुसरीने सुनेशी. सासूबाईंचं बोलणं ही सुद्धा तुमची सामग्रीच आहे.

संमतीपत्र वाचून दाखवा. सही येत नसेल तर अंगठा आणि सोबत तटस्थ साक्षीदाराची सही. मुलांशीही बोलणार असाल तर पालकांच्या संमतीबरोबरच मुलाचा स्वतःचा होकारही लागतो: ७ ते १२ वर्षांत तोंडी, त्यापुढे १८ पर्यंत लेखी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. ‘तुमचं बोलणं गुप्त राहील’ म्हणताना त्याची मर्यादाही आधीच सांगा. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे. मुलाला तातडीने मदत हवी असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

झालेल्या ४० मुलाखती नव्या मुलाखतींत मिसळू नका. प्रश्न बदलले की सामग्री वेगळी झाली. त्यांना पूर्वचाचणी म्हणा आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिहा. वाईट वाटेल, पण यातून सुटका नाही. आणि बदललेली प्रश्नावली नीतिमत्ता समितीपुढे पुन्हा ठेवल्याशिवाय पुढची मुलाखत घेऊ नका.

प्रश्न : प्रात्यक्षिकात विकास-तपासणीचा तक्ता भरताना माझ्याकडून दर वेळी मुलं ‘मागे’ निघतात. चूक कुठे होते?
– पदवीची विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : नव्वद टक्के वेळा वय काढण्यात. तपासणी १२ मार्च २०२५ ची, जन्म २७ नोव्हेंबर २०२२ चा. १२ मधून २७ जात नाहीत, एक महिना म्हणजे ३० दिवस उसने घ्या: ४२ वजा २७, १५ दिवस. महिने उरले २, त्यातून ११ जात नाहीत, एक वर्ष उसनं: १४ वजा ११, ३ महिने. वर्षं २०२४ वजा २०२२, २. वय २ वर्षं ३ महिने १५ दिवस. नुसती सालं वजा करून ‘३ वर्षं’ लिहिलं की पोर विनाकारण मागे पडतं. जन्मतारीख तोंडी घेऊ नका, माता-बाल संरक्षण कार्ड मागा.

त्रिवेंद्रम तक्ता हा विकास-तपासणीचा एक तक्ता. त्यात प्रत्येक कौशल्य कोणत्या वयात येतं ते आडव्या पट्टीने दाखवलेलं असतं, आणि पेन्सिल मुलाच्या वयावर उभी धरतात. पेन्सिलीच्या डावीकडे पूर्ण संपलेली पट्टी मुलाला जमत नसेल तरच शंका घ्यायची. पेन्सिल जिला छेदून जाते ती पट्टी अजून चालू आहे, ती नापास धरू नका. महिने भरण्याआधी जन्मलेलं मूल असेल तर दोन वर्षांपर्यंत जितके आठवडे लवकर, तितके वयातून वजा करा. आणि हा तक्ता चाळणी आहे, निदान नाही. ‘तुमचं मूल मतिमंद आहे’ असं वाक्य विद्यार्थ्याच्या तोंडून कधीही जाता कामा नये. ‘डॉक्टरांना एकदा दाखवा’ एवढंच.

प्रश्न : ही पदवी घेऊन पुढे काय? समुपदेशक म्हणून दवाखाना टाकता येतो का?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : प्राध्यापक व्हायचं तर यूजीसी-नेट या पात्रता परीक्षेला विषय क्रमांक १२, होम सायन्स. त्याच्या दहा घटकांत मानव विकास आणि कौटुंबिक अभ्यास हे दोनच, म्हणून वस्त्रशास्त्र आणि पोषण सोडून भागत नाही. बालवाडी शिक्षण, बालहक्क संस्था, पालक-प्रशिक्षण, ज्येष्ठांसाठीचं काम ही नेहमीची क्षेत्रं. कमी लोकांना माहीत असलेली वाट म्हणजे काळजी आणि संरक्षण हवं असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी बालकल्याण समिती. २०१५ च्या किशोर न्याय कायद्यात सदस्यांच्या पात्र पदव्यांत मानव विकास नाव घेऊन लिहिलेला आहे. पण मुलांसाठीच्या कामाचा सात वर्षांचा अनुभवही लागतो, किंवा त्या क्षेत्रात प्रत्यक्ष व्यवसाय.

दवाखान्याबाबत सावध राहा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षक म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमानंतरच मिळते. मानव विकासाची एम.एस्सी. त्या नोंदणीला पुरत नाही. तेव्हा प्रवेशाच्या वेळी कोणी ‘पदवी घ्या, लगेच थेरपी सुरू करा’ म्हणालं, तर त्या अभ्यासक्रमाचा परिषदेचा मान्यता क्रमांक लेखी मागा.