बाबांच्या किडनीच्या कॅन्सरचं निदान उशिरा झालं, आता सुरुवातीला काय करायचं

ताई, तुमच्या बाबांचा किडनीचा कॅन्सर उशिरा कळला आणि आता काय करायचं असं विचारलंत, तर आधी एक सांगते, तुमची चूक नाहीये. आमच्या बाबांच्या लघवीत रक्त यायचं तेव्हा सहा महिने मुतखडा मुतखडा म्हणून गोळ्याच चालू होत्या, सोनोग्राफी कुणी सांगितलीच नाही, कळलं तेव्हा किडनीचा कॅन्सर फुप्फुसात पसरलेला. त्या डॉक्टरशी भांडण्यात माझे पहिले दोन आठवडे गेले, ते तुम्ही घालवू नका. जुने सगळे रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शन मात्र तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावून ठेवा, तक्रार करायची तर नंतरही कामाला येतात.

आत्ता एवढंच:

- सेकंड ओपिनियन घ्याच. सीटी स्कॅनची सीडी आणि बायोप्सीच्या (तपासायला काढलेल्या तुकड्याच्या) काचेच्या स्लाइड, मेणातले ब्लॉक मागून घ्या, नुसता कागद चालत नाही. ठाण्याहून परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल, किंवा ऐरोली-वाशीकडे असाल तर खारघरचं टाटाचंच केंद्र अ‍ॅक्ट्रेक.
- या कॅन्सरवर नेहमीची केमो फारशी चालत नाही, त्यामुळे कॅन्सरच्या गोळ्या किंवा इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) सांगितली तर "केमो का देत नाहीत" म्हणून घाबरू नका.
- अंग दुखलं की मेडिकलमधून ब्रुफेन आणायचं नाही, किडनीला त्रास होतो. नातेवाइकांचे काढे पण बंद (आमच्या आत्याने तर डबाच पाठवलेला).
- कॅन्सरच्या गोळ्यांनी बीपी वाढतं, तळपाय सोलतात, जुलाब होतात. वहीत लिहा, मनाने गोळी बंद करू नका.

पॅलिएटिव्ह (त्रास कमी करणारे उपचार) म्हटलं की सगळे हादरतात, पण दुखणं कमी करायला ते लोक पहिल्यापासून मदत करतात, लगेच भेटा. उपचाराच्या खर्चासाठी सरकारची महात्मा फुले योजना आहे, त्यासाठी रेशनकार्ड-आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा. डोस, स्कॅनचे आकडे वगैरे नंतर बोलू, आज बाबांना जेवायला काय आवडतं ते विचारा.