मराठी टायपिंगसाठी लॅपटॉप घेताय? आधी दुकानात दहा मिनिटं टाइप करा

गेली कित्येक वर्षं मी नागपुरात, महाल भागात, मराठी आणि इंग्रजी टायपिंग शिकवते. पूर्वी मुलं विचारायची, स्पीड कसा वाढवू? आता विचारतात, लॅपटॉप कोणता घेऊ? आणि बहुतेक जण तो घेऊन झाल्यावर विचारतात. गेल्या महिनाभरात आलेल्या प्रश्नांत तोच तो गोंधळ इतक्यांदा दिसला की उत्तरं एकत्रच द्यायची ठरवली.

प्रश्न : टायपिंग, ई-मेल आणि थोडं इंटरनेट, बस्स. ८ जीबी रॅम पुरेल का?

पुरेल. ४ जीबीचा घेऊ नका. रॅम पुढे वाढवता येते की बोर्डावरच पक्की बसवलेली आहे, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

प्रश्न : बर्डीवर एका दुकानात ‘आय-फाइव्ह’ सेकंडहँड लॅपटॉप १४ हजारांत मिळतो आहे. दुकानदार म्हणतो, नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा हाच भारी. घेऊ का?

‘आय-फाइव्ह’ एवढंच सांगणारा दुकानदार अर्धीच गोष्ट सांगतो आहे, आणि उरलेली अर्धी त्याला चांगली ठाऊक असते. आय-फाइव्ह हे इंटेलच्या प्रोसेसरचं नाव, तो दहा वर्षांपूर्वीचाही असतो आणि दोन वर्षांपूर्वीचाही. प्रोसेसरचा पूर्ण नंबर बघा. लॅपटॉप सुरू करून सेटिंग्ज, सिस्टिम आणि शेवटी अबाउट उघडलं की तो दिसतो. आय५-६३०० असेल तर सहावी पिढी, ८२५० असेल तर आठवी. नंबर १० किंवा ११ ने सुरू होत असेल तर पहिले दोन आकडे पिढी सांगतात, म्हणजे ११३५ ही अकरावी.

पिढी बघायचं कारण सरळ आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते साधारण आठव्या पिढीपासून पुढे. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशिनवर ‘आम्ही ११ टाकून देतो’ असं सांगतात. टाकतातही, पण ते आडवाटेने टाकलेलं असतं आणि पुढचे अपडेट नीट येतील याची हमी कोणी देत नाही. कंपन्यांमधून निघालेले असे जुने लॅपटॉप आता मोठ्या संख्येने बाजारात आहेत, म्हणून तर दुकानदारांचा हा आग्रह.

आठवी पिढी किंवा पुढची असेल, एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) असेल आणि जीएसटीचं बिल मिळत असेल, तर सेकंडहँड घ्यायला माझी हरकत नाही. उलट जुन्या ऑफिसच्या लॅपटॉपचा कीबोर्ड नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा पुष्कळदा चांगला असतो. फक्त बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगा, विंडोजमध्ये ती सोय आहे. बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज होते ती क्षमता, असे दोन आकडे त्यात येतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. स्वतःला जमत नसेल तर जाणकार माणूस सोबत न्या. एकट्याने जाऊन दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका.

प्रश्न : मॅडम, मी बारावीत आहे. जीसीसी-टीबीसीची, म्हणजे सरकारी संगणक टायपिंगची, मराठी ३० ची (मिनिटाला ३० शब्द) परीक्षा द्यायची आहे. बाबांनी ऑनलाइन ११ इंची छोटा लॅपटॉप बघितला आहे, स्वस्त आहे आणि दप्तरात मावतो. कंपनी पण नावाची आहे. चालेल ना?

तुझ्या बाबांना हे उत्तर वाचायला दे. लॅपटॉप घेताना सगळे कंपनी बघतात, रॅम बघतात, रंगसुद्धा बघतात. ज्याच्यावर रोज चार तास बोटं आपटायची, तो कीबोर्ड मात्र कोणी बघत नाही.

इंग्रजीवाल्यांचं छोट्या कीबोर्डवर एक वेळ निभतं, मराठीचं निभत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत, उजव्या करंगळीकडे काय काय येतं बघ. सेमीकोलनच्या बटनावर ‘च’, त्याच्या शेजारी अवतरणचिन्हाच्या बटनावर ‘ट’, वरच्या चौकटी कंसावर ‘ड’ आणि खाली तिरक्या रेघेच्या बटनावर ‘य’. इंग्रजीत ही बटनं क्वचित लागतात, म्हणून छोटे लॅपटॉप बनवताना जागा वाचवायला नेमकी हीच बटनं बारीक करतात. मराठीत ‘च’ आणि ‘य’ शिवाय एक ओळ तरी पुरी होते का? रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरची, पद्धत शिकत असशील तरी सुटका नाही, तिथेही विरामचिन्हांच्या बटनांवर अक्षरंच बसवलेली आहेत.

त्याहून वाईट असतं उजवं शिफ्ट. इन्स्क्रिप्टमध्ये अ, आ, इ, ई, ए, ओ ही अक्षरं डाव्या हाताच्या बटनांवर शिफ्ट धरून येतात. डावा हात अक्षर दाबतो तेव्हा शिफ्ट उजव्या करंगळीने धरायचं असतं. म्हणजे ‘आहे’, ‘आणि’, ‘अर्ज’, ‘असे’ अशा प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला उजवं शिफ्ट हवंच.

काही वर्षांपूर्वी मी क्लाससाठी सहा छोटे लॅपटॉप घेतले. स्वस्त पडले म्हणून खूश होते. त्यांच्यात उजवं शिफ्ट नखाएवढं होतं आणि त्याला चिकटून वर जाण्याचा बाण. एक मुलगी ‘आहे’ टाइप करायची, करंगळी बाणावर पडायची, कर्सर वरच्या ओळीत उडी मारायचा आणि ‘आहे’ ऐवजी काना आणि ‘हे’ भलत्याच शब्दाच्या मधे जाऊन बसायचं. मान खाली घालून टाइप करणाऱ्या मुलीला ते चार ओळी झाल्यावर कळायचं. तिचा ३५ चा स्पीड तीन आठवड्यांत २५ वर आला. ती स्वतःला दोष देत होती, दोष माझ्या खरेदीचा होता. तेव्हापासून मी कीबोर्डवर हात ठेवल्याशिवाय कोणाला लॅपटॉप घेऊ देत नाही.

म्हणून बाबांना घेऊन दुकानात जा आणि साधी फूटपट्टी सोबत ने. क्यूच्या बटनाच्या मध्यापासून पीच्या मध्यापर्यंत मोज. पूर्ण मापाच्या कीबोर्डवर ते अंतर सुमारे १७ सेंटिमीटर भरतं, कारण दोन बटनांच्या मध्यांमध्ये १९ मिलिमीटर असतात. १६ च्या आत आलं तर ठेवून दे. मग उजवं शिफ्ट आणि ‘च’, ‘ट’, ‘ड’, ‘य’ ची बटनं बाकीच्यांएवढीच रुंद आहेत का ते बघ. दाबल्यावर बटन दीड मिलिमीटरच्या आसपास आत गेलेलं बोटाला जाणवलं पाहिजे. टेबलावर टकटक केल्यासारखं वाटत असेल तर तासाभरात बोटं दुखतील.

नंतर दुकानदाराला सांग, सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा टाकून द्या. मराठी कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. ‘मराठी सॉफ्टवेअर’ च्या नावाखाली हजार रुपये मागत असेल तर तिथून निघून ये. मराठी आलं की उभ्याने नाही, खुर्ची मागून बसून हे वाक्य दहा मिनिटं टाइप कर : ‘अर्जदार यांच्या अर्जाची पुढची तारीख आठ दिवसांनी ठेवण्यात यावी, दुसऱ्या पक्षास कळवावे.’ त्यात ‘अ’ आहे, ‘आ’ आहे, ‘य’, ‘च’, ‘ठ’ आहेत आणि ‘दुसऱ्या’ मधला ‘ऱ्या’ सुद्धा आहे. इतक्यात करंगळी तीनदा चुकली तर तो लॅपटॉप तुझ्यासाठी नाही.

ऑनलाइनच घ्यायचा असेल तर तेच मॉडेल आधी दुकानात हाताळून ये. आणि सरावाला बसण्यापूर्वी आपल्या इन्स्टिट्यूटमध्ये विचार, परीक्षेला कोणता कीबोर्ड लेआउट (अक्षरांची मांडणी) घ्यायचा आहे. मैत्रीण सांगते म्हणून नको, संचालकांकडून पक्कं करून घे. एका लेआउटवर बसलेली बोटं दुसऱ्यावर आणायला महिने जातात.

प्रश्न : मुलगा म्हणतो गेमिंग लॅपटॉप घ्या, त्याचा कीबोर्ड मजबूत असतो.

टायपिंगसाठी नको. जड असतो, पंखा आवाज करतो, बॅटरी लवकर संपते.

प्रश्न : मी जिल्हा न्यायालयाबाहेर अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देतो. १४ इंची घेऊ की १५.६ इंची? बजेट तीस-पस्तीस हजार.

१४ इंची. १५.६ इंचीच्या बहुतेक लॅपटॉपला उजवीकडे आकड्यांचा वेगळा पट्टा असतो. त्यामुळे मुख्य कीबोर्ड डावीकडे सरकतो आणि तुम्ही दिवसभर अंग वाकडं करून बसता. तुमच्या कामात आकड्यांपेक्षा मजकूर जास्त असतो. स्क्रीन फुल एचडी घ्या आणि कोनातून बघूनही अक्षर स्पष्ट दिसतं का ते तपासा, कारण पक्षकार शेजारी बसून वाचणार असतो. लॅपटॉप जागेवरच राहत असेल तर पाचसातशे रुपयांचा वायरचा पूर्ण मापाचा कीबोर्ड जोडा आणि लॅपटॉप दोन जाड पुस्तकांवर चढवा. मान वाचेल. खरेदी कामासाठी आहे, तेव्हा बिल कोणाच्या नावाने करायचं हे तुमच्या करसल्लागाराला विचारा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. आठवणींची तीनशे पानं जुन्या लॅपटॉपवर कृतिदेवमध्ये टाइप केली आहेत. नव्या लॅपटॉपवर फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. भाचा म्हणतो फाइल खराब झाली. दिवाळीत तो येईल तेव्हा बघू म्हणतो.

सर, फाइल खराब झालेली नाही. कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही, म्हणून आतलं उघडं पडलं.

पण दिवाळीपर्यंत थांबू नका. जुना लॅपटॉप अजून सुरू होतो आहे तोवर आजच त्यावर सगळी फाइल उघडा आणि पीडीएफ करून ठेवा. फाइल आणि पीडीएफ दोन्ही पेनड्राइव्हवर घ्या, शिवाय स्वतःला ई-मेलने पाठवा. त्यानंतर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही लॅपटॉपवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, बदलून घ्यायचा. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण ते चुका करतात. रफार सरकतो, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला लागते, ‘सुऱ्या’ चा ‘सुर्या’ होतो. त्यासाठीच पीडीएफ हवी, ती शेजारी ठेवून तीनशे पानं ओळीने तपासावी लागतील. डोळ्यांना त्रास होत असेल तर डीटीपी करणाऱ्या विश्वासू माणसाला काम द्या, पण आधी दहा पानं करून बघायला मागा.

यापुढे जे लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा. इन्स्क्रिप्ट जड वाटत असेल तर २०१९ पासून विंडोजमध्ये मराठी फोनेटिकही आहे. इंग्रजी स्पेलिंगसारखं टाइप केलं की मराठी उमटतं.

प्रश्न : ६४ जीबीवाला नवा लॅपटॉप, सोबत ‘लाइफटाइम ऑफिस’ पाचशे रुपयांत. चांगलं डील आहे का?

नाही. त्यातली ६४ जीबीची साठवण बहुधा ईएमएमसी असते. ती एसएसडीपेक्षा हळू असते आणि बोर्डाला जोडलेली असल्यामुळे बदलता येत नाही. विंडोजनेच ती इतकी भरते की पुढचे अपडेट बसायला जागा उरत नाही. २५६ जीबी एसएसडीच्या खाली जाऊ नका. आणि पाचशे रुपयांचं ‘लाइफटाइम ऑफिस’ म्हणजे बहुतेक वेळा कुठल्या तरी संस्थेच्या लायसन्सची विकलेली किल्ली. ती कधीही बंद पडते आणि विकणारा फोन उचलत नाही. लिबरऑफिस फुकट आहे, मराठी टायपिंगला पुरतं. फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा, बिल जवळ ठेवून.

प्रश्न : उन्हाळ्यात कूलरपुढे बसून टाइप करतो. दोन महिन्यांपासून टचपॅड वर उचलून राहिला, झाकण नीट बंद होत नाही. मेव्हणे म्हणतात बॅटरी थोडी फुगली असेल, फ्रीजमध्ये ठेवली की बसते.

दोन महिने! लॅपटॉप आत्ता बंद करा, चार्जर काढा आणि पुन्हा लावू नका. फुगलेल्या बॅटरीत वायू साठलेला असतो, फ्रीजमध्ये ठेवून तो जात नाही. दाबलीत, टोचलीत किंवा चार्ज केलीत तर पेट घेऊ शकते. पलंगापासून, कागदांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि आजच सर्व्हिस सेंटरला फोन करा. बॅटरी स्वतः काढू नका, कचऱ्याच्या गाडीत टाकू नका.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ३५ अंशांची लिहिलेली असते. गादीवर ठेवून, दिवसभर चार्जरला लावून चालवला की बॅटरीवर ताण येतोच. कूलरची ओली हवा सरळ कीबोर्डवर घेऊ नका, लॅपटॉप झोताच्या बाजूला ठेवा. दुपारच्या उन्हात गाडीत तर पाच मिनिटंही ठेवू नका.

प्रश्न : चार्जर लावला की लॅपटॉपच्या कडेला हात टेकल्यावर मुंग्या येतात. लॅपटॉप बदलावा का?

आधी चार्जर काढून बघा. काढल्यावर मुंग्या थांबत असतील तर बहुधा घरच्या प्लगला अर्थिंग नाही, किंवा तीन पिनांच्या चार्जरला तुम्ही दोन पिनांचा अडॅप्टर लावला आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, आणि चार्जर बाजारातला नकली असेल तर कंपनीचाच घ्या. चार्जर काढूनही बोटं बधिर राहत असतील, रात्री झोपेत मुंग्या येत असतील, तर तो लॅपटॉपचा प्रश्न नाही. हाडांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात हात दाखवा. अर्थिंग होईपर्यंत चार्जर लावलेला असताना टाइप करू नका. आधी चार्ज करा, मग बॅटरीवर काम करा.